दवातला चतुर

चष्मेवाल्याच्या घरी, फ्रीजमध्ये दुधाच्या पातेल्यामागे, एक पांढरी प्लास्टिकची डबी असायची. तिच्यात काय असतं हे घरात फक्त त्याला माहीत होतं. बायकोने एकदा विचारलं तेव्हा "कॅमेऱ्याची बॅटरी आहे, हात लावू नकोस," असं त्याने सांगितलं, आणि गार जागी ठेवली की बॅटरी जास्त टिकते, असं वर जोडलं. खोटं बोलणाऱ्याची ही खोडच असते. नुसतं खोटं बोलून त्याचं भागत नाही, वर कारणही द्यावंसं वाटतं.

डबीत बॅटरी नसे. डबीत चतुर असे. चतुर म्हणजे तोच तो, चार काचेसारखे पंख, काडीसारखी लांब शेपटी, पोरं ज्याला हेलिकॉप्टर म्हणतात तो. जिवंत, पण गारठून निपचित पडलेला.

आता हा माणूस मुळात वाईट नव्हता, हे आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर त्याच्यावर अन्याय होईल. चष्म्याचं छोटं दुकान त्याचं स्वतःचं होतं. डोळे तपासणं, नंबर काढणं, काचा घासून फ्रेममध्ये बसवणं, सगळं तोच करायचा. दिवसभर लोकांच्या नाकावर भिंगं चढवायची आणि विचारायचं, "आता स्पष्ट दिसतंय, की मघाशी?" या प्रश्नावर त्याचं घर चालायचं. एका गिऱ्हाइकाकडून त्याने जुना कॅमेरा घेतला, दुकानातल्या तपासणीच्या पेटीतलं दहा नंबरचं भिंग चिकटपट्टीने त्याच्या तोंडाला लावलं, आणि घरामागच्या भिंतीवरच्या मुंगीचा फोटो काढला. मुंगी चांगली रेड्याएवढी दिसली. तेव्हापासून माणूस कामातून गेला.

घरांच्या ओळीमागे एक नाला होता आणि नाल्याच्या काठाने गवताची पट्टी. लोक तिथे कचरा टाकायचे आणि हा तिथे पालथा पडायचा. कोळी, ढालकिडे, फुलपाखराची अंडी, काय मिळेल ते टिपायचा. कपड्यांना चिखल, अंगाला खाज, आणि चेहऱ्यावर लग्नाच्या दिवशीही नव्हता एवढा आनंद. हे सगळं अगदी सरळ चाललं होतं.

एकदा थंडीत, उजाडता उजाडता, त्याला गवताच्या काडीला लटकलेला एक चतुर दिसला. अंगभर दव. पंखांच्या प्रत्येक खणात एकेक थेंब, डोळ्यांवर थेंबांची टोपी. याचा श्वासच अडकला. श्वास अडकला तो अडकला, पण नंतर सुटला तो थेट भिंगावर. भिंगावर वाफ धरली. शर्टाच्या टोकाने पुसून पुन्हा बघेपर्यंत काडी हलली होती आणि चतुर पलीकडच्या झुडपात जाऊन पडला होता. त्यानंतर कित्येक पहाटे तो गेला. डास भेटले, कुत्री भेटली, शेजारचे एक गृहस्थ नको त्या अवस्थेत भेटले. चतुर भेटला नाही.

मग फोनवर कोणीतरी दाखवलेली युक्ती त्याने बघितली. संध्याकाळी चतुर काडीवर झोपायला टेकतो, तेव्हा अलगद पकडायचा. डबीत घालून फ्रीजमध्ये ठेवायचा. गारठला की पाहिजे तसा बसवता येतो. पाण्यात थोडं ग्लिसरीन घालून फवारलं की थेंब गोल राहतात, ओघळत नाहीत. काम झालं की उन्हात सोडून द्यायचा, ऊब लागली की उडून जातो. कोणाचं काही जात नाही.

त्याच सुमारास वाचनालयाने भिंतीवर फोटो लावायचं काढलं. विषय होता 'हाकेच्या अंतरावर'. ग्रंथपालबाईंनी दारावर दोनच नियम चिकटवले होते. फोटो घरापासून हाकेच्या अंतरावर काढलेला असावा, आणि जे जसं दिसलं तसंच असावं, मांडामांड चालणार नाही. चष्मेवाल्याने दोन्ही नियम नीट वाचले. पहिला त्याने जरा जास्तच पाळला. फोटो घरातच काढला, स्वयंपाकघराच्या ओट्यावर, खिडकीच्या उजेडात. बायको कामावर गेलेली. कुंडीत खोचलेली गवताची काडी, तिच्यावर फ्रीजमधून काढलेला चतुर, आणि चष्म्याच्या काचा पुसायला दुकानात असते त्या फवाऱ्याच्या बाटलीतून पाडलेलं दव. मागे हिरवं धुकं दिसतं ना फोटोत, तो बायकोचा हिरवा टॉवेल होता.

फोटो अप्रतिम आला. हेच तर वाईट झालं. वाईट आला असता तर हा तिथेच थांबला असता.

वाचनालयाने तो दारासमोर लावला. खाली अक्षरं, 'पहाटेचा चतुर'. लोक थांबायचे, चष्मे वर करून बघायचे. बायको दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. खुर्चीत तोंड उघडं टाकून पडलेल्या प्रत्येक पेशंटला ती सांगायची, "आमचे हे काळोखात उठून नाल्याकाठी जाऊन बसतात. थंडी म्हणू नका, डास म्हणू नका." पेशंटला हो म्हणता येत नसे की नाही म्हणता येत नसे, त्यामुळे ती सगळं सविस्तर सांगे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याचं कौतुक तिने चारचौघांत असं कधी केलं नव्हतं. कौतुक करण्यासारखं त्याने काही केलंही नव्हतं म्हणा. चष्मेवाल्याला ते ऐकताना आधी गुदगुल्या झाल्या आणि मग कानशिलं तापायला लागली.

तरीही हे एवढ्यावर निभावलं असतं. पण घरात सासरे होते.

सासरे म्हणजे बायकोचे वडील, निवृत्त बस ड्रायव्हर. उभी हयात गाडी चालवली, कोणाला कधी ओरखडा काढला नाही. सासूबाई गेल्यावर मुलीने त्यांना इथे आणलं. आले ते मागच्या खोलीतल्या पलंगाच्या कडेला जे बसले ते बसलेच. जेवायला हाक मारली की जेवायचे, दिवा घालवला की आडवे व्हायचे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, हे चालले नाहीत तर पाय जातील, आणि पाय गेले की माणूस फार राहत नाही. मुलीने विनवण्या केल्या, रागावून बघितलं, रडून बघितलं. सासरे म्हणायचे, "कुठं जाऊ? माझे सगळे स्टॉप संपले."

वाचनालयात द्यायच्या आधी चष्मेवाल्याने तो फोटो टेबलावर पसरून ठेवला होता. जेवायला आलेले सासरे तिथे थांबले. वाकले. बराच वेळ बघत राहिले.

"हे कुठलं?"

"इथलंच. मागच्या नाल्यावरचं," चष्मेवाला म्हणाला. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"आपल्या नाल्यावर असं असतं?"

"पहाटे असतं. ऊन लागलं की पंख वाळतात आणि उडून जातं."

सासरे खुर्चीत बसले, पहिला घास तोंडात घातला, आणि घास तसाच ठेवून म्हणाले, "तुमची सासू असती तर म्हणाली असती, बघून या आणि मला सांगा. जावईबापू, उद्या मला उठवा. मी येतो."

बायको ताट वाढता वाढता थबकली. मग ती ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. तिची पाठ हलत होती.

झालं. दुसऱ्या दिवशीपासून पहाटेची वारी सुरू झाली म्हणायची, फक्त देव जागेवर नव्हता. पुढे काठी टेकत सासरे, मागे मान खाली घालून जावई. गवत बघायचं, काड्या बघायच्या, परत यायचं. "आज वारा आहे," चष्मेवाला म्हणायचा. "आज ढग आहेत." "आज दव कमी पडलंय." दव कधी खरंच पडलेलं असायचं, पण त्यात चतुर नसायचा. नाल्यावर एवढी जागा, आणि असे चतुर पानाआड लपून झोपतात. ते सापडायला नशीब लागतं, आणि नशीब एकदा येऊन भिंगावरच्या वाफेत विरून गेलं होतं.

सासऱ्यांचे पाय मात्र सुधारायला लागले. ते पलीकडच्या पुलापर्यंत जायला लागले. दूधवाल्याशी बोलायला लागले. एक दिवस तर त्यांनी कोपऱ्यावरच्या बस ड्रायव्हरला गाडी मागे घेताना हाताने दिशा दाखवली आणि दिवसभर खुशीत होते. बायकोने रात्री नवऱ्याचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "तुम्ही माझे बाबा परत आणलेत हो." त्याने हात सोडवून घेतला, उशी सारखी केल्यासारखं केलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. खरं सांगावं तर म्हातारा परत पलंगाच्या कडेला जाऊन बसणार. न सांगावं तर रोज पहाटे हे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

मग एका दुपारी सासरे दुकानात आले. एकटे, चालत. गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, "माझे डोळे तपासा."

"काय झालं बाबा?"

"तुम्हाला दिसतो, मला दिसत नाही. तुम्ही जिथे फोटो काढलात तिथेच मी रोज बघतो. म्हणजे चतुर असणार, माझ्या नजरेत येत नसणार. डोळ्यांत काहीतरी झालंय."

चष्मेवाल्याने दिवा लावला. समोर अक्षरांचा तक्ता. एक डोळा झाकला, दुसरा झाकला. सासऱ्यांनी वरपासून खालपर्यंत सगळ्या ओळी वाचल्या. सगळ्यात खालची, जी तरुण पोरंही अंदाजाने सांगतात, तीसुद्धा न अडखळता वाचली. शिवाय तक्त्याच्या कोपऱ्यातलं छापखान्याचं नावही वाचून दाखवलं. या वयात असे डोळे त्याने बघितले नव्हते.

"मग?" सासऱ्यांनी विचारलं. "सगळं दिसतंय. मग तो का दिसत नाही?"

या प्रश्नाची उत्तरं दोनच होती. एक, फोटो खोटा आहे. दुसरं, डोळे अधू आहेत. चष्मेवाल्याच्या हातात भिंगाची पेटी होती, समोर त्याच्यावर पूर्ण विश्वास टाकून बसलेला म्हातारा माणूस होता, आणि दारात पुढचं गिऱ्हाईक उभं होतं.

"थोडासा नंबर आलाय," तो म्हणाला. "लांबचा."

सासऱ्यांचा चेहरा उतरला. आयुष्यात कधी लांबचा चष्मा लागला नव्हता, याची त्यांना फार ऐट होती. ते नुसते "बरं" म्हणाले. चष्मेवाल्याने सगळ्यात चांगली फ्रेम निवडली, हलकी, कान न दुखवणारी. तिच्यात झीरो नंबरच्या काचा बसवल्या. म्हणजे खिडकीची काच आणि ती काच यांत फरक नाही. त्या काचा बसवताना त्याचे हात चोरासारखे चालले. चांगली फ्रेम दिली, एवढंच समाधान. असल्या समाधानाला काय म्हणावं ते वाचणाऱ्याने ठरवावं.

चष्मा लावून सासरे पहाटे गेले. दिसलं नाही. पुन्हा गेले. नाही दिसलं. चष्म्यानेही दिसत नाही म्हटल्यावर त्यांचं बोलणं कमी झालं. घरात ते विचित्र चालायला लागले. पलंगापासून न्हाणीपर्यंत भिंतीला हात लावत जायचे, मध्येच स्टुलाला धडकायचे, पुन्हा मागे येऊन तेच करायचे. बायको हसून म्हणाली, "बाबांनी घरातल्या घरात बससेवा सुरू केलीय." चष्मेवाला हसला नाही. पण त्याने विचारलंही नाही. विचारलं की उत्तर येतं, ही भीती त्याला होती.

एका सकाळी सासरे उठलेच नाहीत. "तुम्ही जा," म्हणाले. "डोळेच नाहीत तर काय बघायचं." आणि परत पलंगाची कड.

बायको त्या दिवशी कामावर जाताना दारात थांबली. "अहो, एकदाच दिसू दे त्यांना. एकदाच. मग बघा कसे उभे राहतील."

एकदाच. त्याने तेच धरलं. संध्याकाळी नाल्यावर जाऊन चतुर पकडला, डबीत घातला, डबी पातेल्यामागे गेली. पहाटे उठवायला गेला तर सासऱ्यांना सर्दी, अंग जरा गरम. बायकोने बाहेर सोडलं नाही. "उद्या," ती म्हणाली. डबी तशीच राहिली. मध्ये त्याने एकदा ती उघडून बघायला हवी होती. त्याच्या मनात आलंही होतं. पण स्वयंपाकघरात बायको होती.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी तो उठला, डबी आणि फवारा खिशात घालून नाल्यावर गेला. फोटोतल्यासारखीच काडी शोधली. चतुराचे पाय काडीला टेकवले, पंख सारखे केले, फवारा मारला. काम सुबक झालं. या कामात आता त्याचा हात बसला होता. मग घरी येऊन त्याने सासऱ्यांना उठवलं.

"आज दिसेल असं वाटतंय," तो म्हणाला.

सासरे आले ते मुलीच्या आग्रहाखातर. काठी जड पडत होती. नाल्याच्या काठाशी चष्मेवाला मुद्दाम मागे राहिला. सासऱ्यांनी स्वतः शोधावा, असं त्याने ठरवलं होतं. सासरे गवत न्याहाळत पुढे गेले, आणि थांबले.

"जावईबापू."

"काय बाबा?"

"हळू. पाय वाजवू नका." त्यांनी मागे हात करून त्याला थोपवलं, ड्रायव्हर मागच्या गाडीला थोपवतो तसं. "आहे. आहे हो. मला दिसतोय."

ते गुडघ्यावर बसले. गुडघ्यावर! पलंगावरून उठायला ज्याला हात द्यावा लागायचा तो माणूस ओल्या गवतात गुडघे टेकून बसला आणि नाकावरचा चष्मा सारखा करत बघत राहिला. पंखांतले थेंब, डोळ्यांवरचे थेंब. ते स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होते. चष्मेवाल्याला त्यातला एकच शब्द कळला, सासूबाईंना ते ज्या नावाने हाक मारायचे तो. त्याने दुसरीकडे तोंड फिरवलं.

"चला बाबा, गार आहे. सर्दी वाढेल."

"थांबा ना. उडताना बघू दे. ऊन लागलं की उडतो म्हणालात."

ऊन आलं. आधी पुलावर, मग नाल्याच्या पलीकडच्या काठावर, मग त्यांच्या पायाशी, मग काडीवर. दूधवाला सायकलवरून गेला. शाळेची गाडी गेली. चष्मेवाला मनात म्हणत होता, उड रे बाबा, उड आता. चतुर हलला नाही. गवतावरचं सगळं दव वाळलं, आणि चतुराच्या अंगावरचं मात्र तसंच राहिलं, गोल गोल.

"अजून वाळला नाही," सासरे म्हणाले. "हात लावू का जरा? ऊब लागेल."

"नको!" चष्मेवाला म्हणाला, पण तोवर त्यांनी बोट पुढे केलं होतं. बोट नुसतं टेकलं आणि चतुर काडीवरून सुटून गवतात पडला. पडला तो पंख जसे होते तसेच ठेवून पडला.

सासऱ्यांनी त्याला तळहातावर घेतलं. फुंकर घातली. दुसऱ्या हाताचा आडोसा केला. बराच वेळ ते तसेच बसले. मग त्यांनी वर बघितलं, आणि त्यांचा चेहरा एखाद्याच्या अंगावर गाडी गेल्यावर ड्रायव्हरचा होत असेल तसा झाला होता.

"माझा हात लागला म्हणून मेला का हो? इतका वेळ चांगला होता. मीच मारला."

उभ्या हयातीत ज्याने एक ओरखडा काढला नाही तो माणूस एका किड्याच्या मरणाचा आळ स्वतःवर घेऊन गवतात बसला होता, आणि मारणारा शेजारी उभा होता, खिशात फवारा घेऊन.

"तुम्ही नाही बाबा," तो म्हणाला. "मी मारला."

"तुम्ही कुठे हात लावलात?"

"तो आधीच मेलेला होता. मी आणून ठेवला. फ्रीजमध्ये होता."

सासऱ्यांना कळलं नाही. त्यांनी बोटाला लागलेलं दव अंगठ्यावर चोळलं. "हे पाणी चिकट का आहे?"

मग त्याने सगळं सांगितलं. डबी, ओटा, टॉवेल, ग्लिसरीन. खिशातली बाटली काढून दाखवली. सांगताना तो गवताकडे बघत होता. नाल्यावर असं कधी दिसतच नाही असं नाही, मला एकदा खरंच दिसला होता, असंही त्याने मध्ये घुसडलं, आणि ते खरं असूनसुद्धा त्याच्या स्वतःच्याच कानाला खोटं लागलं.

सासरे ऐकत राहिले. त्याचं संपलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला. हात लांब करून धरला. त्यातून नाल्याकडे बघितलं, मग चष्मा बाजूला करून पुन्हा बघितलं.

"मग हा चष्मा?"

"झीरो नंबरचा आहे."

"म्हणजे?"

"नुसती काच. तुमचे डोळे चांगले आहेत बाबा. माझ्यापेक्षा चांगले."

सासऱ्यांनी चष्मा हातातल्या हातात फिरवला. मग हळू आवाजात, जावयाशी नाहीच जणू, ते बोलायला लागले.

"मी घरात डोळे मिटून चालायचो. सवय व्हावी म्हणून. आंधळा झाल्यावर पोरीला प्रत्येक वेळी हाक मारायला लागू नये. न्हाणीपर्यंत जमायला लागलं होतं, तो स्टूल तेवढा मध्ये येतो." ते थांबले. "आणि झोप लागायची नाही. वाटायचं, हे डोळे आजचे गेलेत कशावरून? शेवटची काही वर्षं मी दिसत नसतानाच गाडी चालवली असेल. मागे माणसं बसलेली असायची हो. लेकरं असायची."

चष्मेवाल्याने हातातली बाटली गवतात ठेवली. माफ करा म्हणावं, तर तो शब्द तोंडात येण्याआधीच लाजून मागे फिरला. आपण वाचनालयाला फसवलं, लोकांना फसवलं, बायकोला फसवलं, याची शरम त्याला रोज थोडी थोडी वाटतच होती, आणि थोडी थोडी वाटली की माणूस तिलाही सरावतो. हे मात्र वेगळं होतं. एका चांगल्या माणसाला त्याने त्याच्या संपूर्ण आयुष्याबद्दल संशय घ्यायला लावला होता. कशासाठी, तर टॉवेलपुढे काढलेल्या एका फोटोसाठी.

सासऱ्यांनी चतुर गवतात ठेवला, काठी उचलली आणि ती न टेकता, बगलेत धरून, घराकडे चालायला लागले. सरळ, भराभर. खड्डा आला तिथे पाय बरोबर पलीकडे पडला. चष्मेवाला मागून येत होता. त्याला त्यांच्याबरोबरीने चालायचं धाडस झालं नाही.

बायको दारातच उभी होती, उशीर झाला म्हणून घाबरलेली. वडिलांच्या पँटचे गुडघे ओले बघून तिचा चेहरा उजळला.

"बाबा! दिसला का चतुर?"

"दिसला," सासरे म्हणाले.

"खरंच? कसा दिसला?"

"चांगला जवळून दिसला. इतके दिवस मी बाहेर शोधत होतो. घरातच होता."

तिला वाटलं गंमत करतायत. ती हसली. "घरात? घरात कुठे?"

"ते जावईबापू सांगतील." त्यांनी चष्म्याची घडी करून तो टेबलावर ठेवला आणि आत गेले.

ती नवऱ्याकडे वळली, अजून हसतच. चष्मेवाल्याने खिशातून पांढरी डबी काढली आणि चष्म्याशेजारी ठेवली. झाकण उघडं होतं. आत एक तुटलेला पाय होता.

"बस," तो म्हणाला. "उभ्याने ऐकण्यासारखं नाही."

तिने ऐकलं. हिरव्या टॉवेलचं सांगितलं तेव्हा तिची नजर दोरीवरच्या त्या टॉवेलकडे गेली आणि परत आली. डोळे मिटून चालण्याचं सांगितलं तेव्हा तिने तोंडावर हात ठेवला, कारण त्यावर ती हसली होती. सगळं झाल्यावर ती एवढंच म्हणाली, "मी सगळ्यांना सांगितलं हो. खुर्चीत बसलेल्या एकेकाला सांगितलं." मग उठून तिने डबी कचऱ्यात टाकली, आणि हात धुतले, साबण लावून, पुन्हा पुन्हा.

चष्मेवाला खुर्चीत तसाच बसून राहिला. आतून पलंग करकरला. त्याला वाटलं, झालं, बसले परत कडेला. यापुढे उठायचे नाहीत.

पण सासरे बाहेर आले. पँट बदललेली, केस विंचरलेले, पायात बाहेरच्या चपला.

"वाचनालय कधी उघडतं?" त्यांनी विचारलं.

"थोड्या वेळात."

"मग चहा घ्या आणि उठा. फोटो खाली घ्यायला दोन माणसं लागतील, काच मोठी आहे. मी एका बाजूने धरतो. बाईंना काय सांगायचं ते तुम्ही सांगा, मी नुसता शेजारी उभा राहीन."

"बाबा, तुम्ही कशाला, तुम्हाला सर्दी आहे. मी एकटा जातो."

"मी येतो," सासरे म्हणाले आणि दारात जाऊन त्याची वाट बघत उभे राहिले.

या माणसाने घराबाहेर पडावं म्हणून चष्मेवाल्याने एवढं रामायण केलं होतं. आज मात्र त्यांनी घरातच थांबावं, असं त्याला अगदी मनापासून वाटत होतं. त्याने चहा घेतला नाही. तो उठला, चपला शोधायला लागला, आणि त्या समोरच होत्या तरी त्याला बराच वेळ दिसल्या नाहीत.